बांधलेले डोळे

"ही कलमं महारवाड्यातल्या पोरीनं बांधलीत. ते आमच्या घरात कळलं. पहिलं फळ औंढ्याला नागनाथाला न्यायचं हाय. सगळे डोळे सोडा आन् तुमच्या हातानं बांधा."

कुंपणाआड मी चाकू पुसत होते. आवाज मालकांचा. समोर सखारामकाका, बागेचे माळी. मला कलमाचा डोळा भरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"मालक, बांधून तिसराच दिस हाय. आत्ता सोडले तर मरतील."

"मला नका शिकवू. सोडा."

काका खाली बसले. पहिली गाठ सोडली, पुन्हा आपल्या हातानं आवळली. मी पाहत राहिले. बाहेर आले नाही. भ्याले.

मी हैदराबादला मिशनच्या बोर्डिंगात इंग्रजीतून शिकून गावी परतले होते. वडील कुरुंद्याला याच बागेचे राखणदार. मालकांनी कलमांचं इंग्रजी पुस्तक मागवलं, पण गावात वाचणारं कोणी नव्हतं. मला ओसरीखाली बसवत. पुस्तक वरून टाकत. मी वाचून मराठीत सांगे, काका करून बघत. एके दिवशी काकांनी चाकू माझ्यापुढे ठेवला. "नुसतं वाचून हात शिकत न्हाई, लेकी."

जंबेरी लिंबाच्या खोडाची साल उचलायची. मोसंबीचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, देठासकट आत सरकवायचा. केळीच्या सोपटानं आवळायचा. तीन आठवड्यांनी बोट लावताच देठ गळाला तर डोळा जगला. वाळून चिकटला तर मेला.

मी चाळीस डोळे भरले. "जगले तर रोपांचं काम तुला," मालक म्हणाले होते. इतकं मनापासून मी आजवर काही मागितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी मालक वाफ्यात आले. देठ काळे, चिकटलेले.

"बघा! इंग्रजी शिकली, पण हात कुणाचा?"

गडी हसले. काका मातीकडे बघत राहिले. वडिलांनी पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. "चुकी झाली, मालक. लेकरू हाय."

काकांनी खरं सांगितलं नाही, त्यापेक्षा वडिलांचं उतरवलेलं पागोटं मला जास्त लागलं.

वाफ्याच्या टोकाला दोन रोपं गवतात झाकलेली. ती सोडायची राहून गेली होती. मी वाकले. बोट लावलं. देठ गळून पडला. वर हिरवा, टपोरा डोळा. दुसऱ्याचंही तसंच.

मालकांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

मी पागोटं उचलून वडिलांच्या हातात दिलं. मग मालकांकडे वळले.

"हे दोन तुमी सोडले न्हाईत म्हणून जगले. बाकीचे तुमच्या सोवळ्यानं मेले, मालक. माझा बाप चुकला न्हाई. आन् यापुढं माझ्या हातचं झाड तुमच्या बागंत उगवणार न्हाई."