चौथा पिवळा ठिपका

गॅरेजवाल्याला सगळे उतरवकाका म्हणायचे. पुढची चाकं धरणाऱ्या दांड्यांमधले रबरी बुश बदलून झाले की पाना हातात घेऊन तो हमखास म्हणायचा, "आधी गाडी खाली उतरव!" गाडी जॅकवर असताना चाकं लोंबत असतात. तेव्हाच बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर बुशमधलं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षाच्या आत चिरतं. म्हणून काका गाडी चारी चाकांवर उभी करायचा, मालकाला सीटवर बसवायचा, स्वतः खालच्या खड्ड्यात शिरून बोल्ट आवळायचा आणि त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका ठेवायचा. डावीकडे दोन, उजवीकडे दोन. एकवीस वर्षं हाच शिरस्ता. घाईतल्या गिऱ्हाइकांनी कितीही दातओठ खाल्ले, तरी त्यात तसूभर बदल झाला नाही.

एका सकाळी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई आपली सतरा वर्षांची गाडी घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी गाडीची सरकारी तपासणी होती. गाडी नापास झाली की शिकवणी बंद.

"ब्रेक मारला की उजवीकडे ओढते. खडखडते पण," बाई म्हणाल्या. "आठ महिन्यांपूर्वीच बुश टाकलेत तुम्ही!"

"तुमच्या विद्यार्थ्यांनी एक खड्डा सोडला नसेल," स्पेअर पार्टच्या फळीजवळून काकाची बायको, काकू, म्हणाल्या.

"नाहीच सोडत. पण दोन्ही चाकांनी सारखेच घेतात हो!"

काका बॅटरी घेऊन खाली शिरला. डावीकडे दोन ठिपके. उजवीकडे पुढच्या बोल्टवर तिसरा. मागचा बोल्ट कोरा. त्याच्या बुशचं रबर तिरकं फाटलेलं. काका त्या कोऱ्या बोल्टकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. त्या दिवशी मध्येच काय झालं होतं, ते त्याला आठवेना.

तो वर आला तेव्हा बाईंनीच विचारलं, "माल खोटा निघाला का?"

उत्तर आयतं ताटात वाढलेलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"माल चांगला होता," हात पुसत काका म्हणाला. "चूक माझी. हा बोल्ट मी गाडी वर असतानाच आवळला. खाली उतरवल्यावर सैल करून परत आवळायचा राहिला."

मग काकू म्हणाल्या, "अहो, म्हणजे आता तुमचं नाव बदलायचं का?"

बाई हसल्या नाहीत. "उद्या तपासणीत गाडी पास होईल का, तेवढं सांगा."

"झाली नाही, तर गॅरेजच्या पाटीवरचं माझं नाव तुम्ही पुसा."

बोल्ट गंजून बुशच्या आतल्या नळीत घट्ट बसला होता. तो निघायलाच दोन तास गेले. काकाने चाक धरणारा दांडा, म्हणजे आर्म, उतरवला, फाटलेला बुश दाबून काढला, नवा बसवला. बॉल जॉइंट हाताने हलवून पाहिला, तोही ढिला वाटला. तो बदलला. डाव्या बाजूला कुणी बोट ठेवलं नव्हतं. काकाने तिकडचेही दोन्ही बोल्ट सैल केले. ऊन कलताना गाडी चाकांवर आली. त्याने बॉनेट दोन-तीनदा दाबून सोडलं.

"बसा, बाई. हलू नका."

"श्वास घेऊ?"

"बेतानं."

चारही बोल्ट आवळून झाल्यावर त्याने रंगाचा डबा उघडला. बाई खड्ड्याच्या काठाशी येऊन वाकल्या. "चौथा मी देणार." पदर खोचून त्या खाली उतरल्या आणि ब्रश टेकवला.

"ठिपका द्यायचाय, बाई, भिंत नाही रंगवायची!"

"मला उद्या लांबूनसुद्धा दिसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तपासनिसाने गाडी पळवली, करकचून ब्रेक मारला. गाडी रेघ ओढल्यासारखी सरळ थांबली. मग तो खाली वाकला. "हा एवढा मोठा डाग कसला?"

"तो डाग नाही," बाई म्हणाल्या. "तो मिस्त्रीने चुकून विसरलेला ठिपका आहे. स्वतःच सांगितलं त्याने."

तपासनिसाने कागदावर सही केली आणि गॅरेजचा पत्ता विचारला. त्याच्या स्वतःच्या गाडीचं पुढचं चाकही बरेच दिवस खडखडत होतं.