बिनवासाचं घर

कुणाच्याही घरी गेली की ती उंबऱ्यातच थांबायची, डोळे मिटायची आणि नाक वर करून हवा हुंगायची. मग निकाल. "चलो, पास!" किंवा "काकू, कुबट!"

'कुबट' हा शब्द तिला मी दिला. दिल्लीत वाढलेली मुलगी, ओलीलाही आणि तिच्या वासालाही हिंदीतलं 'सीलन' म्हणायची. एकदा मी म्हटलं, "अगं, भिंतीला ओल येते आणि बंद कपाटाला कुबट वास येतो." ती इतकी खूश झाली की पुढे ऑफिसातल्या साहेबांचे विनोद, लग्नाची स्थळं, सगळंच कुबट ठरायला लागलं.

दिल्लीला लागून असलेल्या नोएडात, आमच्या मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर ती आईबाबांबरोबर राहायची. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, ती एका वाहिनीच्या ऑफिसात भाषांतर करायची. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस होता. या आजारात छातीतला कफ डिंकासारखा चिकट होतो, आत गेलेलं काही सहज बाहेर पडत नाही. म्हणून रोज सकाळी आई तिला पालथं झोपवून पाठीवर पोकळ तळव्यांनी थापट्या मारायची. तो आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. "आज आईने ताल चुकवला," असं ती मला खिडकीतून सांगायची.

एका पावसाळ्यात तिचा खोकला हटेना. थुंकीच्या तपासणीत बुरशी निघाली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि घराची चौकशी केली. घर कसलं, बाथरूमची भिंत काळवंडलेली आणि खिडकीत गवताच्या जाळ्यांचा, सदा ओला कूलर. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतोच, पण श्वासातून रोज नवी बुरशी आत गेली तर ते एकटं किती लढणार?

"घरामुळेच झालं असं मात्र ते छातीठोकपणे सांगत नाहीत," बाबा मला म्हणाले.

"छाती ठोकायला आई आहे ना!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ खोकल्याची लांबलचक उबळ. बाबा हसता हसता उठले आणि पाणी घेऊन आत गेले.

मग सुरू झाली घरशोधणी. मीही जायचे, कारण तुम्हाला सांगते, अशी करमणूक तिकीट काढूनही मिळाली नसती. दलाल बाल्कनी दाखवायचा, ही सिंकखालचं कपाट उघडून आत डोकं घालायची. दलाल हॉलचं कौतुक करायचा, ही पलंग भिंतीपासून ओढायची. शेवटी तो बिचारा म्हणाला, "मॅडम, घर देखना है या छापा मारना है?"

"दोनों, भैया."

एका घरात संगमरवर, अत्तराचा घमघमाट. बाबा विरघळले. तिने सरळ कपाटामागे हात घातला आणि काळी झालेली बोटं बाबांपुढे धरली. "इतकं अत्तर कशाला, याचा विचार करा ना, यार बाबा!"

शेवटी एक घर मिळालं. चौथा मजला, लिफ्ट नाही, फरशा गुलाबी. आई खालीच अडून बसली. "पहिल्या मजल्यावर हिला धाप लागते, आणि इथे राहायचं?"

"चढून तर बघू दे," ती म्हणाली.

दर मजल्याला ती कठड्यावर वाकून थांबायची. आई मागे, हात पुढे केलेले, पण स्पर्श न करता. वर पोचल्यावर बराच वेळ तिला बोलता येईना. दुपारचं ऊन तिन्ही खोल्यांत पसरलं होतं. श्वास जागेवर आल्यावर तिने हवा हुंगली, पुन्हा हुंगली.

"आई," ती म्हणाली, "इथे कसलाच वास नाहीये!" असं म्हणाली, जणू कुणी मोगऱ्याचा गजरा दिला होता. आईने पदराने डोळे पुसले आणि गुलाबी फरशांना नावं ठेवायला सुरुवात केली. घर ठरलं.

कूलर गेला. ओल्या मातीतही बुरशी असते, म्हणून कुंड्या भेट आणणाऱ्यांना "बाहर, बिल्कुल बाहर!" होऊ लागलं. पुढच्या तपासण्यांत बुरशी सापडली नाही. बाबा पेढे घेऊन आले. डॉक्टरांनी श्रेय औषधाला दिलं, बाबांनी घराला आणि आईने स्वतःच्या तळव्यांना. "वाटून घ्या तिघं," ती म्हणाली आणि दोन पेढे उचलले.

आता ती नागपुरात असते. नोकरी तिथे, नवराही तिथलाच. नवरा निवडतानाही हुंगलं असेल, अशी मला शंका आहे.

पण मला दिसते ती जायच्या आधीच्या पंधरा ऑगस्टची. त्या दिवशी इकडे आकाशभर पतंग असतात. तिने आम्हाला त्या चार मजल्यांच्याही वर, गच्चीवर नेलं. बाबांच्या हातात फिरकी, हिच्या हातात मांजा. समोरच्या गच्चीवरचा पतंग हिने कापला आणि दोन्ही हात वर करून पतंग कापल्यावरची इकडची आरोळी ठोकली, "आई बो काटाऽऽ!"

खाली रिक्षावाल्यांनी माना वर केल्या. आवाज लांबत गेला, लांबत गेला, आणि मध्ये कुठेही खोकला आला नाही. तिच्या आईने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी खोकल्याची वाट बघत राहिलो.

ती पुन्हा ओरडली. पहिल्यापेक्षा मोठ्याने.