आईच्या गालावरचा उजेड

मंडळी, आज सकाळी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन गावी, किकवीत, आईचा फोटो काढला. फ्लॅशनं चेहरा सपाट आला, कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसेना. मग फ्लॅश बंद करून तिला दारात बसवलं. एक गाल उजळला, दुसरा काळाच.

आई फोटो बघून म्हणाली, "लग्नानंतर भोरच्या ष्टुडिओत बी असंच व्हत व्हतं. मग फोटोवाल्या चाचांनी तुज्या वडलांना फोटोच्या भाईर, माज्या शेजारी हुबं केलं. त्येंच्या पांढऱ्या सदऱ्याचा उजेड माज्या गालावर पडला."

भिंतीवरच्या त्या फोटोत आई एकटीच आहे, असं मला आजवर वाटायचं!

वडील आता नाहीत. मी पांढरी चादर आणायला उठलो.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "ती बाजू आता अशीच येनार."