घोट घेऊन थुंकण्याची नोकरी

मी मुंबईला निघालो त्या दिवशी आई खंडाळा स्टेशनवर आली ती एकच गोष्ट सांगायला. "बाटल्या धुताना नाक दाबून धर. नुस्त्या वासानं बी चढती म्हनत्यात." गाडी सुटेपर्यंत ती हेच सांगत राहिली आणि मी मान डोलावत राहिलो. पुढं सारी हयात मी त्याच नाकावर पोट भरलं. ते तिला कसं सांगावं, हे मला कधी सुचलं नाही.

वलवणचं आमचं वावर आणि घर धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणत असू. ते खंडाळ्याला एका पारशी शेटजींच्या बंगल्यावर माळी म्हणून लागले आणि आम्ही बंगल्यामागच्या खोलीत राहायला आलो. जन्मभर भात लावलेला माणूस गुलाबाच्या कुंड्या सरकवू लागला. शेटजींचं मुंबईला, फोर्टात, विलायती दारूचं दुकान होतं. माझं कामाचं वय झालं तसं त्यांनी मला तिथल्या गोदामात घेतलं. तुम्हा वलवणकरांपैकी जे गावी राहिले ते म्हणाले, पोराचं भलं झालं. जे माझ्यासारखे मुंबईला येऊन गिरणीत नि गोदीत लागले, ते मला भेटले की आधी माझ्या तोंडाचा वास घेत.

गोदामात मी नाक दाबलं नाही. दाबून बाटली धुताच येत नाही, करून बघा. आणि मला एक गंमत कळली. एकाच खोक्यातल्या, एकच चिठ्ठी डकवलेल्या दोन बाटल्यांच्या तळाला उरलेला वास वेगळा असे. का? कुणालाच सांगता येईना. दुकानात माल पारखणारा एक म्हातारा गोवेकर होता. मी त्याला इतकं छळलं की शेवटी त्यानं मला शेजारी उभं केलं. पेला हुंगायचा, घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि भुसा भरलेल्या डब्यात थुंकायचा. पोटात थेंब गेला तर पुढच्या बाटलीचं खरं कळत नाही, असं तो म्हणे. रात्रशाळेत इंग्रजी शिकलो, गोवेकर गेल्यावर त्याच्या जागी बसलो, आणि एकदा दुकानात एका इंग्रजी साप्ताहिकाच्या संपादकाशी वाइनवरून तावातावानं भांडलो. त्यानं भांडण ऐकून घेतलं नि म्हणाला, हेच लिहून दे. असा मी वाइनवरचा स्तंभलेखक झालो.

लिहिताना मी कुणाची भीड ठेवली नाही. साहेब लोक पुस्तकात वाचून तांबडी वाइन खोलीच्या उबेला ठेवत. कुठल्या खोलीच्या? त्यांच्या देशातल्या खोलीत माणसाचे दात वाजतात. मुंबईत वैशाखात तीच वाइन कढणासारखी लागते. मी लिहिलं, बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून विहिरीत सोडा. संतापाची पत्रं आली. लेखाखाली टोपणनाव असे, त्यामुळं एका वाचकानं अंदाज बांधला की हा कुणी निवृत्त कर्नल असावा, इतका हेकटपणा दुसऱ्या कुणाला परवडणार नाही. ते पत्र वाचून मी दिवसभर खूश होतो. एका वाइनला करवंदाचा वास येतो असं लिहिलं, तर संपादकानं करवंद खोडून कुठलंसं विलायती फळ घातलं. ते मी आजतागायत पाहिलेलं नाही.

घरी भाऊंना माझं खरं काम सांगितलं. ते म्हणाले, "थुकायचंच हाय तर तोंडात घेतूस कशाला?"

अशात माझ्या धाकट्या बहिणीचं, गोदाचं, लग्न ठरत आलं. स्थळ वलवणचंच, धरणातून वाचलेल्या वरच्या आळीतलं. माणसं चांगली, आणि गोदाच्या मनात ते घर भरलं होतं. नेमका त्याच सुमारास मी खंडाळ्याच्या एका हॉटेलात त्यांचा माल पारखायला गेलो. तिथं काम करणाऱ्या वरच्या आळीच्या एकानं मला भरदिवसा पेल्यांच्या रांगेपुढं बसलेलं पाहिलं. पेले दिसले, थुंकायचा डबा काही त्याला दिसला नाही. संध्याकाळी गावभर झालं की नवरीचा भाऊ पट्टीचा पिणारा. मुलाच्या वडिलांना सगळे आबा म्हणत. त्यांनी सुपारी फोडायचं थांबवलं आणि भाऊंना व मला बोलावून घेतलं.

ओसरीवर आळीतली माणसं बसली होती. भाऊंनी मान वर केली नाही. मी माझा धंदा समजावून सांगितला. आबांनी सगळं ऐकून घेतलं नि म्हणाले, "म्हंजी तू चव सांगतूस, पीत न्हाईस?"

"व्हय."

"मग हितलं पानी सांग."

सुनांनी पाण्याचे तांबे आणून ठेवले. मी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि अंगणाच्या कडेला थुंकलो. पोरं खिदळली. पहिलं आळीतल्या आडाचं, ते लगेच ओळखलं. दुसरं डोंगरातल्या झऱ्याचं, लहानपणी गुरांमागं जाताना ओंजळीनं प्यालेलं. आबांची मान हलू लागली. तिसऱ्या तांब्याचा घोट मी पुन्हा पुन्हा घेतला. मऊ, जरासं झाकून ठेवल्यासारखं पाणी. काहीतरी ठोकून द्यावं असं वाटलं; लेखांत मी तेच करत आलो होतो आणि ते लोकांना आवडत होतं. गोदाचं सारं त्या घोटावर अडलं होतं. पण तोंडातून खरं तेच निघालं. "ह्ये मला ठाऊक न्हाई, आबा."

"कसं ठाऊक न्हाई? धरणाचं हाय. तुमच्या वावरावरचं."

भाऊंनी तांब्या उचलला आणि पाणी पिऊन टाकलं. रिकामा तांब्या हातात धरून म्हणाले, "मला बी न्हाई वळखू आलं." एवढं बोलून ते रडले. धरण झालं तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आळीकडं वळून म्हणाले, "पिनाऱ्याला समदं ठाऊक असतंय. ह्ये पोरगं पिनारं न्हाई." लग्न त्याच महिन्यात झालं.

पुढं लढाई आली, बोटीनं माल येईनासा झाला आणि माझा स्तंभ बंद पडला. आई गेली, भाऊ गेले, बंगल्यामागच्या खोलीत दुसरा माळी राहतो. आता घर कुठलं, असं तुम्ही पत्रातून विचारता. रीतीनं भावाचं घर हे बहिणीचं माहेर. माझ्या गिरगावच्या खोलीला माहेर म्हणावं असं काही नाही, आणि गोदाही कधी आली नाही. मीच दिवाळीत जातो. ती मला पाटावर बसवते, ओवाळते, निघताना तांदळाचं गाठोडं बांधून देते आणि आळीच्या टोकापर्यंत पोचवायला येते. परवा तिच्या धाकट्यानं तिला विचारलं, मामा सारखा आपल्याकडंच का येतो? तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "त्याचं म्हायेर हाय ह्ये."