पोरांच्या पायांकडे बघणारे आप्पा

निमोण्याहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या घरी दाढी करत होतो. "दाजी, आप्पा गेलं..." एवढंच त्यांना बोलता आलं. आप्पा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिणारे. तोंडाला साबण तसाच ठेवून मी खाली बसलो. खरं सांगतो, रडू आलं नाही. माझ्यासाठी आप्पा त्याआधीच गेले होते, एका शाळेच्या वर्गात, माझ्या डोळ्यांदेखत.

वाडवडील मेंढरं राखणारे, म्हणून की काय, आप्पांच्या पुस्तकांत राजे कमी आणि घोड्यांना चंदी चारणारी, खलिते पोचवणारी, वाट चुकणारी पोरंच फार. नवं प्रकरण झालं की ते आधी आसपासच्या एखाद्या शाळेत जाऊन वाचून दाखवायचे. वाचताना नजर मात्र पोरांच्या पायांकडे. पाय चुळबुळले की तेवढ्या मजकुरावर तिथंच काट! "पोरांचं त्वांड खोटं बोलंल दाजी, पाय न्हाई," म्हणायचे. एकदा प्रकाशकानं वाखाणलेली अख्खी लढाई त्यांनी अशीच उडवली. "आप्पा, दोन्हीकडचं सैन्य तुम्हीच कापलंत की," मी म्हणालो, तर स्वतःच खो-खो हसले.

मग अर्धांगाचा झटका आला. जीभ जड झाली, हात कसाबसा वाचला. त्या हातानं त्यांनी शेवटची कादंबरी रेटून पुरी केली आणि हट्टच धरला, पोरांना वाचून दाखवायची. मी वाचतो म्हटलं, तर मान हलवून म्हणाले, "म... मीच." नेलं त्यांना. शब्द ओठांतच फुटत होते, लाळ गळत होती, मला तर काहीच कळेना. पण एकाही पोराचा पाय हलला नाही. आप्पांचा चेहरा असा उजळला... तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक चिमुरडी बाईंना म्हणाली, "बाई, आता हलू का?"

बाईंनी मायेपोटीच दटावून ठेवलं होतं सगळ्यांना. आप्पांनी कागद मिटले. त्यानंतर त्यांनी पेन हातात धरलं नाही.

त्या कागदांचा गठ्ठा आता माझ्या टेबलावर आहे. प्रकाशक विचारतात, छापू का? मी दार लावून मोठ्यानं वाचतो, पुन्हा वाचतो. चांगलं आहे की वाईट, मला ठरवता येत नाही. समोरच्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि मी वाचता वाचता खाली फरशीकडे बघत राहतो.