फिजिक्सला मिळालेली परवानगी
रस्त्यात साखर कारखान्याच्या मळीचा टँकर पुढे लागला की त्या आंबूस वासाने मला आमच्या गावातली, चौसाळ्यातली एक दुपार आठवते. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला होतो आणि एक ऐच्छिक विषय निवडायचा होता. मला सेमीकंडक्टर फिजिक्स हवं होतं. वडील सहकारी साखर कारखान्यात वायरमन. ते म्हणत, “त्याचा हितं काय उपेग? मोटारी शिक, कारखान्यात चिकटवतो.” त्या वर्षी दुष्काळ पडला, उभा ऊस चाऱ्याला गेला आणि कारखाना बंद पडला. वडील भर दुपारी घरी आले, चपला न काढताच ओट्यावर बसले. म्हणाले, “आता तुला पायजे ते शिक.” मी “बरं” म्हणालो. आईने ताटं वाढली, आम्ही जेवलो. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. आज त्याच विषयावर माझं घर चालतं; पण तो मी निवडला, असं मला कधी म्हणता आलेलं नाही.