सिनेमातून पळालेला फायरमन

तीस वर्षं अग्निशमन दलात काढलेल्या या माणसाला भीती ठाऊकच नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे. निवृत्तीनंतर तो बायकोला घेऊन डायनासोरचा सिनेमा बघायला गेला. पडद्यावरच्या अजस्र जनावराने काच फोडून जबडा आत घातला, आणि हा गडी बायकोचा हात झिडकारून थेट दाराबाहेर पळाला. भानावर आल्यावर त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत आत जायला पाय उचलेना. सिनेमा सुटला तशी बायको त्याची राहिलेली चप्पल घेऊन बाहेर आली.

"कुणाला सांगू नकोस," तो पुटपुटला.

"नाही सांगत. पण माझा हात का सोडलात?"

मान खाली घालून तो चप्पल घालत राहिला. घरी पोचेपर्यंत ती दोन पावलं पुढेच चालली.